इबोला : सुई कुणाच्या हातात होती, प्रेत कुणी उचलले?

इबोलाचा इतिहास आपल्यापर्यंत पोहोचतो तो एका ठरावीक चित्रातून. घनदाट जंगल, वटवाघूळ, माकडाचे मांस खाणारे ‘मागासलेले’ लोक, आणि शेवटी पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखातला परदेशी डॉक्टर, जो विमानातून उतरतो आणि सगळ्यांना वाचवतो. वर्तमानपत्रांनी आणि हॉलिवूडच्या चित्रपटांनी हे चित्र इतके पक्के केले आहे की आपल्या चळवळीतली शिकलेली मुलेसुद्धा तेच बोलतात. ‘त्यांच्या अंधश्रद्धेमुळे पसरला’ हे वाक्य मी अभ्यासवर्गात ऐकले आहे. ज्यांच्या रोगाचे, गरिबीचे आणि मरणाचे खापर कायम त्यांच्याच ‘घाणेरड्या सवयींवर’ फोडले गेले, त्या समाजाच्या मुलांनी हे वाक्य बोलण्यापूर्वी दहा वेळा विचार करायला हवा.

म्हणून या रोगाचा इतिहास वेगळ्या टोकाकडून वाचू. विषाणू कुठून आला हा शास्त्रज्ञांचा प्रश्न आहे आणि तो महत्त्वाचाही आहे. पण विषाणू एका माणसापासून शेकडो माणसांपर्यंत कसा गेला, आणि कुठे अडला, हा समाजशास्त्राचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर स्थानिक दवाखान्यात सापडते. तिथे सुई कुणाच्या हातात होती, हातमोजे कुणाला मिळाले, चादर कुणी धुतली, प्रेत कुणी उचलले, आणि त्याला त्या कामाचे काय मिळाले?

सुरुवात १९७६ पासून. तेव्हाचे झैरे, आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक. बेल्जियमची वसाहत संपून सोळा वर्षे झाली होती आणि देश मोबुटूच्या हुकूमशाहीखाली होता. उत्तरेकडच्या याम्बुकू या गावी बेल्जियन जोगिणींचे मिशन रुग्णालय होते. खाटा १२०, वैद्यकीय कर्मचारी १७, पंचक्रोशीतली लोकसंख्या सुमारे ६० हजार, आणि डॉक्टर एकही नाही. ऑगस्टच्या अखेरीस मिशनच्या शाळेतला एक शिक्षक ताप घेऊन आला. मलेरिया समजून त्याला क्लोरोक्विनचे इंजेक्शन दिले गेले. ८ सप्टेंबरला तो वारला. त्यानंतर त्याच रुग्णालयात इतर कारणांसाठी इंजेक्शन घेऊन गेलेले लोक एकामागून एक मरू लागले.

पुढे आंतरराष्ट्रीय आयोगाने चौकशी केली तेव्हा कारण अगदी साधे निघाले. रुग्णालयात रोज सकाळी पाच सिरिंज आणि सुया दिल्या जात. बाह्यरुग्ण विभाग, वॉर्ड आणि गरोदर बायांची तपासणी, सगळे त्या पाच सुयांवर. एका रुग्णाला टोचली की कोमट पाण्याच्या भांड्यात विसळायची आणि पुढच्याला टोचायची. दिवस संपला की कधी उकळायची, कधी नाही. मेलेल्यांत तरुण बायकांचे प्रमाण डोळ्यांत भरणारे होते, कारण गरोदर बायकांना तपासणीत इंजेक्शन मिळत असे. त्या आजारी नव्हत्या. पोटातले मूल नीट जन्माला यावे म्हणून त्या दवाखान्यात आल्या होत्या.

एकूण रुग्ण ३१८, मृत्यू २८०. सतरा कर्मचाऱ्यांपैकी तेरा जणांना लागण झाली आणि अकरा जण मेले. रुग्णालय बंद पडले. ते बंद पडल्यावर साथ ओसरू लागली, हे नीट लक्षात घ्या. विषाणू जंगलातून आला असेल, पण त्याला गावभर पोहोचवले ते सुया, हातमोजे आणि डॉक्टर यांपैकी काहीही पुरेसे नसलेल्या दवाखान्याने. ज्यांना अंधश्रद्धाळू म्हटले जाते त्या गावांनी काय केले? देवीच्या साथीचा जुना अनुभव गाठीशी होता. वडीलधाऱ्यांनी रस्ते अडवले, येणेजाणे थांबवले, आजाऱ्यांना वेगळे ठेवले. बाहेरचे पथक पोहोचले तेव्हा ही व्यवस्था तिथे आधीच होती.

आता श्रेयाची गोष्ट. याम्बुकूत सर्वांत आधी पोहोचलेल्या शास्त्रज्ञांत झाँ-झाक मुयेम्बे हे काँगोचेच विषाणूतज्ज्ञ होते. त्यांनी हातमोज्यांशिवाय रुग्णांचे रक्त काढले. सुई काढली की त्या छिद्रातून रक्त वाहत राहायचे, त्यांची बोटे माखायची. साबण-पाण्याने हात धुण्यापलीकडे संरक्षण नव्हते. एका आजारी जोगिणीला ते किन्शासाला घेऊन गेले आणि तिचे रक्त बेल्जियमला, अँटवर्पच्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या आणि अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत विषाणू ओळखला गेला. कित्येक वर्षे ‘इबोलाचा शोध लावणारा’ म्हणून बेल्जियमच्या पीटर पिओट यांचे नाव गाजत राहिले आणि मुयेम्बे तळटीपेत राहिले. पिओट यांनी मोठे काम केले आहे, त्यांना कमी लेखायचे नाही. पण नमुना देणारा एक आणि नाव होणारा दुसरा ही रीत आपल्याला नवीन नाही. याम्बुकूचे नाव रोगाला देऊन गाव कायमचे कलंकित होऊ नये म्हणून त्या भागातल्या इबोला नदीचे नाव दिले गेले, एवढा विवेक मात्र त्या पथकाने दाखवला.

त्याच वर्षी सुदानच्या दक्षिण भागात न्झारा आणि मारिडी इथेही साथ आली. न्झारात कापसाच्या कारखान्यातल्या कामगारांपासून ती सुरू झाली आणि मारिडीच्या रुग्णालयाने ती वाढवली. २८४ रुग्ण, १५१ मृत्यू. १९९५ मध्ये काँगोतल्या किक्वित शहरात पुन्हा तेच घडले. रुग्णालयाच्याच एका तंत्रज्ञावर शस्त्रक्रिया झाली आणि ती करणाऱ्या चमूला लागण झाली. त्या साथीतल्या ३१५ रुग्णांपैकी ८० जण आरोग्य कर्मचारी होते. याम्बुकूला एकोणीस वर्षे होऊन गेली होती. दरम्यान विषाणूवर शोधनिबंध लिहिले गेले, शीतयुद्धाच्या काळात जैविक शस्त्र म्हणूनही त्याचा विचार झाला. आफ्रिकेतल्या जिल्हा रुग्णालयातल्या नर्सपर्यंत हातमोजे मात्र पोहोचले नाहीत.

युगांडातल्या गुलूची साथ सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिथे पहिल्यांदा स्थानिक यंत्रणेची ताकद स्पष्ट दिसली. साल २०००. उत्तर युगांडात यादवी चालू, लाखो लोक छावण्यांत. लाकोर इथल्या सेंट मेरीज रुग्णालयाचे प्रमुख डॉ. मॅथ्यू लुकविया हे त्याच भागातले, अचोली समाजातले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला नर्सिंगचे विद्यार्थी विचित्र तापाने मरताहेत हे कळताच त्यांनी रात्रभर नोंदी चाळल्या. आफ्रिकेतल्या दवाखान्यांसाठी तयार केलेली रक्तस्रावी तापाची एक मार्गदर्शिका त्यांच्याकडे होती, ती वाचली. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता त्यांनी वेगळा वॉर्ड उभा केला. मार्गदर्शिकेत असलेल्या साध्या गोष्टी त्यांनी केल्या : ब्लीचचे पाणी, एकच प्रवेशद्वार, गाऊन, मास्क, आणि त्या वॉर्डात फक्त स्वेच्छेने येणारे कर्मचारी.

नोव्हेंबरच्या अखेरीस काही दिवसांतच अनेक परिचारिका मेल्या तेव्हा उरलेल्या भडकल्या आणि काम थांबले. लुकवियांनी त्यांना बडतर्फीची धमकी दिली नाही. ज्यांना जायचे आहे त्यांनी जावे, मी राहणार, असे त्यांनी सांगितले. त्या परतल्या. ५ डिसेंबर २००० रोजी लुकविया स्वतः इबोलाने गेले. एका आजारी परिचारकाला सावरताना त्यांच्या डोळ्यांवर संरक्षण नव्हते. साथीत ४२५ रुग्ण आणि २२४ मृत्यू झाले. मृत्यूचे प्रमाण याम्बुकूपेक्षा बरेच कमी होते. त्यात विषाणूच्या वेगळ्या प्रकाराचाही वाटा आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

गुलूत मानवशास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. अचोली लोकांत अचानक येणाऱ्या मारक साथीला ‘गेमो’ म्हणतात. गेमो आल्याचे वडीलधाऱ्यांनी जाहीर केले की ठरलेले नियम लागू होतात. आजाऱ्याला वस्तीपासून शंभरेक मीटर दूरच्या घरात ठेवायचे. त्याची सेवा त्या रोगातून बऱ्या झालेल्या माणसानेच करायची. घरासमोर हत्तीगवताचे दोन उंच दांडे रोवायचे म्हणजे बाहेरच्याला खूण कळते. नाच-समारंभ बंद. बरा झालेल्यानेही महिनाभर वेगळे राहायचे. प्रेत वस्तीच्या कडेला पुरायचे. हे आणि जागतिक आरोग्य संघटनेचे नियम शेजारी शेजारी ठेवून बघा. गेमो हा आत्मा आहे असे ते मानतात, ते मला पटण्याचे कारण नाही. पण श्रद्धा आणि अनुभवातून कमावलेले ज्ञान एकाच पोत्यात भरून फेकणे हाही आंधळेपणाच आहे. पुढे युगांडाने एन्टेबे इथल्या आपल्या विषाणू संशोधन संस्थेत तपासणीची सोय उभी केली. २०११ मध्ये लुवेरो जिल्ह्यात एकच रुग्ण सापडला, बारा वर्षांची मुलगी. निदान लवकर झाले आणि साथ एका रुग्णावर थांबली. ही बातमी जगात कुठे गाजली नाही.

गाजला तो पश्चिम आफ्रिकेचा २०१४ चा प्रलय. गिनीतल्या मेलियांदू गावात डिसेंबर २०१३ मध्ये एक लहान मूल गेले. रोगाचे नाव कळायला मार्च २०१४ उजाडला. तोवर तो सीमा ओलांडून लायबेरिया आणि सिएरा लिओनच्या वाटेवर होता. जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली ८ ऑगस्टला. शेवटी या तीन देशांत २८ हजारांहून अधिक रुग्ण आणि ११,३१० मृत्यू नोंदले गेले.

हे तीनही देश एवढे उघडे का पडले? लायबेरियात १९८९ ते २००३ आणि सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ अशी यादवी युद्धे झाली. हिरे, रबर, लोहखनिज बाहेर जात राहिले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींनी सरकारी पगारांवरचा खर्च आवळला. साथीच्या आधी चाळीस लाखांहून अधिक वस्तीच्या लायबेरियात जेमतेम पन्नासच्या घरात डॉक्टर होते. दवाखान्यात काम करणाऱ्या कितीतरी नर्सेस पगारपत्रकावरच नव्हत्या. ‘स्वयंसेवक’ म्हणून वर्षानुवर्षे राबायचे आणि कधीतरी नोकरी पक्की होईल म्हणून वाट बघायची. आपल्याकडच्या कंत्राटी आणि मानधनावरच्या बायांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

सिएरा लिओनच्या केनेमा सरकारी रुग्णालयात लासा तापाचा वॉर्ड होता, म्हणजे रक्तस्रावी तापाचा अनुभव असलेली माणसे तिथे होती. तरी तो वॉर्ड मरणाचा सापळा झाला, कारण थोड्या खाटांसाठी बांधलेल्या जागेत रुग्णांची रीघ लागली. तिथल्या मुख्य परिचारिका म्बालू फोनी २० जुलै २०१४ रोजी गेल्या, वॉर्डप्रमुख डॉ. शेख हुमार खान २९ जुलैला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार जानेवारी २०१४ ते मार्च २०१५ या काळात तीन देशांत ८१५ आरोग्य कर्मचाऱ्यांना लागण झाली. सर्वसाधारण प्रौढ माणसापेक्षा त्यांचा धोका २१ ते ३२ पट होता. निम्म्याहून अधिक परिचारिका आणि सहायक परिचारिका होत्या. जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे लायबेरियाने आपल्या डॉक्टर, नर्सेस आणि सुईणींपैकी सुमारे ८ टक्के गमावले. सुईण गेली की पुढच्या वर्षी बाळंतपणात मरणाऱ्या बाया इबोलाच्या आकड्यात येत नाहीत.

सरकारचा पहिला हात पडला तो गरिबांच्या वस्तीवर. मन्रोव्हियाच्या वेस्ट पॉइंट या झोपडपट्टीतल्या शाळेत, वस्तीला न विचारता, बाहेरच्या संशयित रुग्णांना आणून ठेवले गेले. लोकांनी १६ ऑगस्टला ते केंद्र फोडले. २० ऑगस्टला सैन्याने हजारो लोकांची ती अख्खी वस्ती काटेरी तारांनी बंद केली. त्याच दिवशी गोळीबार झाला आणि पंधरा वर्षांचा एक मुलगा पायांना गोळ्या लागून मेला. दहा दिवसांनी वेढा उठवावा लागला. नंतर त्याच वेस्ट पॉइंटच्या तरुणांनी घरोघर फिरून आजारी शोधले, याद्या केल्या, लोकांना उपचार केंद्रात जायला राजी केले. जे काम सैन्याला बंदुकीने जमले नाही ते तिथल्या पोरांनी ओळखीने केले. आधीच त्यांना विचारले असते तर?

याच काळात लायबेरियातल्या नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीने रुग्णालयात जागा नाही म्हणून घरीच आईवडील, बहीण आणि एक भावंड अशा चौघांची सेवा केली. संरक्षक पोशाख नव्हता. तिने कचऱ्याच्या प्लास्टिक पिशव्या पायांना बांधल्या, वर बूट घातले, पुन्हा पिशव्या, रेनकोट, चार जोड हातमोजे आणि मास्क. दिवसातून कित्येकदा हे सगळे चढवायचे आणि उतरवायचे. चौघांपैकी तिघे वाचले आणि तिला लागण झाली नाही. पुढे तिची पद्धत इतरांना शिकवली गेली.

आता प्रेतांकडे येऊ. या भागासाठीच हा लेख लिहायला घेतला.

इबोलाने मेलेल्या माणसाच्या शरीरात विषाणू प्रचंड प्रमाणात असतो. लायबेरियात प्रेताला आंघोळ घालणे, स्पर्श करून निरोप देणे, कबर करणे आणि मार्चमध्ये ‘डेकोरेशन डे’ला कबर स्वच्छ करून सजवणे हे सगळे माणसाच्या मानाशी जोडलेले आहे. दहन तिथे कुणी करत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये मन्रोव्हियात पुरायला जागा मिळेना, पावसाने कबरी वर येऊ लागल्या आणि आसपासचे लोक दफन होऊ देईनात. तेव्हा सरकारने हुकूम काढला की राजधानीतली सगळी प्रेते जाळायची. जाळायची कुठे? देशात एक स्मशान होते. मन्रोव्हियाबाहेर बॉइज टाउन इथे, आणि ते तिथल्या भारतीय समाजाने आपल्या मृतांसाठी बांधले होते.

तिथे वर्षाकाठी मोजकी प्रेते येत असतील. ऑगस्ट ते डिसेंबर या काळात जवळपास दोन हजार जाळली गेली. दाहिनी पुरेना तेव्हा उघड्यावर लाकडे रचून, तेल ओतून. हे काम लायबेरियाचे काही तरुण पगारावर करत होते. रात्रभर प्रेते रचायची आणि जाळायची. काम सहन व्हावे म्हणून दारू प्यायची. गटारात उतरणारा आपला माणूस आधी दारू का पितो असे विचारणाऱ्यांना याचे उत्तर माहीत नसते. त्या तरुणांनी हे केले नसते तर मन्रोव्हियाच्या रस्त्यांवर प्रेते पडून राहिली असती. त्यांना काय मिळाले? घरच्यांनी दारे लावली. शेजारी रस्ता बदलू लागले. ‘माणसे जाळणारे’ हीच त्यांची ओळख झाली. साथ संपली, सत्कार झाले, परदेशी पाहुणे मानचिन्हे घेऊन गेले, आणि ही पोरे वाळीत टाकलेली राहिली.

वाचताना तुमच्या मनात काय आले असेल ते मला ठाऊक आहे. गावात कुणी मेले की सांगावा घेऊन परगावी पळायचे, स्मशानात लाकडे न्यायची, मेलेले जनावर ओढायचे, ही महारांची गावकीची कामे होती. काशीच्या घाटावर हेच डोमाकडे आहे. ज्याच्यावाचून गावाचे एक दिवस चालत नाही त्यालाच गाववेशीबाहेर ठेवायचे. लायबेरियात जात नाही, तरी कलंक उगवला, म्हणून काही मित्र म्हणतील की ही माणसाची सार्वत्रिक प्रवृत्ती आहे, जातीला दोष कशाला? इथेच थांबून नीट बघा. बॉइज टाउनच्या त्या तरुणांवरचा कलंक भीतीचा होता. तो एका रोगाला, एका हंगामाला चिकटलेला होता, आणि त्यांच्या मुलांनी जन्मतःच तेच काम करावे असे सांगणारे धर्मशास्त्र तिथे नव्हते. आपल्याकडे भीती संपली तरी कलंक संपत नाही, कारण तो कामावरून माणसाकडे येत नाही, जन्मावरून कामाकडे जातो. म्हणूनच १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत पाण्याच्या हक्काबरोबर मेलेली जनावरे ओढणे सोडण्याची हाक दिली गेली.

काम नाकारण्याचा प्रसंग सिएरा लिओनमध्येही आला. नोव्हेंबर २०१४, केनेमा. प्रेते पुरणाऱ्या पथकाचा जोखीम भत्ता आठवडेच्या आठवडे थकला होता. चिडलेल्या कामगारांनी १५ प्रेते रुग्णालयाच्या बाहेर, रस्त्यावर आणून ठेवली. जगभर धिक्कार झाला आणि त्या कामगारांना कामावरून काढले गेले. प्रेताची विटंबना वाईटच, त्याचे समर्थन करण्याची गरज नाही. पण त्याच देशाच्या लेखापरीक्षण विभागाने २०१५ च्या फेब्रुवारीत अहवाल दिला की इबोलासाठीच्या निधीतल्या तपासलेल्या रकमेपैकी जवळपास एक तृतीयांश रकमेचा नीट हिशेबच नाही. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय महासंघानेही २०१७ मध्ये कबूल केले की पश्चिम आफ्रिकेतल्या कामात लाखो डॉलर अफरातफरीत गेले. रस्त्यावरच्या पंधरा प्रेतांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. गहाळ पावत्यांचे फोटो निघत नाहीत.

गरीब देशांकडून तयारी होऊच शकत नाही, असा निष्कर्ष कुणी काढू नये. २० जुलै २०१४ ला लायबेरियातून आलेला एक आजारी प्रवासी नायजेरियातल्या लागोसच्या विमानतळावर कोसळला. दोन कोटींच्या आसपास वस्तीचे शहर. सरकारी डॉक्टर संपावर होते म्हणून तो एका खासगी रुग्णालयात गेला. डॉ. अमेयो स्टेला अडाडेवोह यांना संशय आला. तो सरकारी पाहुणा होता, सोडून द्या म्हणून दबाव आला, पण त्यांनी सोडले नाही. त्या स्वतः १९ ऑगस्टला इबोलाने गेल्या. त्या रुग्णालयाने चार कर्मचारी गमावले. त्यांत डॉक्टर होते, नर्स होती आणि वॉर्डात काम करणारी बाईही होती. मग नायजेरियाने पोलिओ निर्मूलनासाठी उभारलेली यंत्रणा, तीच माणसे आणि तेच नकाशे इबोलाकडे वळवले. सुमारे ९०० संपर्कातल्या व्यक्ती शोधल्या आणि त्यांच्या घरी साडेअठरा हजार भेटी दिल्या. २० रुग्ण, ८ मृत्यू, आणि २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त.

त्याच सप्टेंबरात अमेरिकेतल्या डॅलसमध्ये एक रुग्ण तापाने रुग्णालयात आला. लायबेरियातून आलोय असे त्याने सांगितले, तरी गोळ्या देऊन घरी पाठवला गेला. तीन दिवसांनी रुग्णवाहिकेतून परत आला. तो मेला आणि त्याची सेवा करणाऱ्या दोन नर्सेसना लागण झाली. आम्हाला पुरेसे प्रशिक्षण नव्हते, मानही पूर्ण झाकणारा पोशाख नव्हता, असे नर्सेसच्या संघटनेने सांगितले. तिथे यंत्रांची कमी नव्हती.

भारताची तयारी तेव्हा मुख्यतः विमानतळावर दिसली. ताप मोजणारी यंत्रे, अर्ज, वेगळी खोली. नमुने तपासायला दिल्लीचे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आणि पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था. नोव्हेंबर २०१४ मध्ये लायबेरियात बरा होऊन आलेल्या एका तरुणाच्या वीर्यात विषाणूचे अंश सापडले, म्हणून त्याला दिल्ली विमानतळावरच वेगळे ठेवले गेले. यात चूक काही नाही. पण याम्बुकू ते केनेमा हा सगळा इतिहास सांगतो की विषाणू विमानतळावरून सुटला तर पुढची गाठ जिल्हा रुग्णालयातल्या मावशी आणि मामांशी पडते. ओला कचरा उचलणारा, रक्ताची चादर नेणारा आणि शवागारात प्रेत हलवणारा कंत्राटदाराचा माणूस. त्याची जात कोणती हे बहुतेक वेळा विचारायचीही गरज पडत नाही. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन त्याच्या हातातले मोजे बघा. त्याला प्रशिक्षण कुणी दिले, विमा आहे का, लागण झाली तर रजेचा पगार मिळतो का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. कार्यकर्त्यांनी करण्यासारखे हे काम आहे.

लस आली म्हणून हा प्रश्न मिटलेला नाही. २०१८ ते २०२० या काळात पूर्व काँगोत तीन लाखांहून अधिक लोकांना लस दिली गेली, तरी ३,४७० रुग्ण आणि २,२८७ मृत्यू झाले. तिथे अनेक वर्षांची कत्तल कुणी थांबवली नव्हती, आणि एका रोगासाठी एकदम गाड्यांचे ताफे आले. लोकांनी विचारले, गोळ्यांनी मेलो तेव्हा कुठे होतात? त्याच २०१९ मध्ये काँगोत गोवराने सहा हजारांहून अधिक माणसे मेली, बहुतेक लहान मुले. गोवराची लस कित्येक दशके जुनी आहे. या मोहिमेत नोकरीच्या आमिषाने स्थानिक बायकांचे लैंगिक शोषण झाले. स्वतंत्र आयोगाने २०२१ मध्ये ८३ संशयित नोंदवले आणि त्यांतले २१ जागतिक आरोग्य संघटनेच्या नोकरीतले होते. रोजंदारीचे काम मिळवायला बाईला काय मोजावे लागले हे साथीच्या आलेखात दिसत नाही. त्याच काळात मुयेम्बे यांच्या आयुष्यभराच्या कामातून, किक्वितच्या साथीत वाचलेल्या माणसाच्या रक्तातून, एक औषध तयार झाले. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली.

शेजारच्या युगांडाने २०१९ मध्ये काँगोची साथ येण्याची वाट पाहिली नाही. सीमेवरच्या जिल्ह्यांतल्या सुमारे ४,७०० आरोग्य कर्मचाऱ्यांना आधीच लस दिली. जूनमध्ये रुग्ण सीमा ओलांडून आले तेव्हा ते ओळखले गेले आणि साथ पसरली नाही. २०२२ मध्ये मात्र विषाणूचा सुदान प्रकार आला, ज्याच्यावर मान्यताप्राप्त लस नव्हती. १४२ रुग्णांची खात्री झाली, त्यांतले ५५ मेले. आणि मग २०२५. अमेरिकेने २० जानेवारीला परदेशी मदत रोखण्याचा आदेश काढला. दहा दिवसांनी, ३० जानेवारीला, युगांडाने पुन्हा इबोलाची साथ जाहीर केली. चार दिवसांत लसीची चाचणी सुरू झाली, गावोगावचे आरोग्य स्वयंसेवक संपर्क शोधत फिरले आणि २६ एप्रिलला साथ संपल्याचे जाहीर झाले. १४ रुग्ण, ४ मृत्यू. पहिला मृत्यू कंपालाच्या मुलागो राष्ट्रीय रुग्णालयात काम करणाऱ्या बत्तीस वर्षांच्या एका परिचारकाचा होता.